आडवे पिंप, उभे पिंप

आमच्या गल्लीत फुंकणीला तिच्या खऱ्या नावाने हाक मारणारे आता कोणी उरलेले नाही. तिच्या नवऱ्याने ते नाव शेवटचे कधी उच्चारले देव जाणे. पण त्याचे सोडा, तो कुठलाच शब्द फारसा उच्चारत नाही. फुंकणी हे नाव तिला दोन कारणांनी पडले. बसडेपोच्या मागच्या भिंतीला लागून तिचे खाण्याचे दुकान आहे. तिथे निखारे फुलवायला ती पंखा वापरत नाही, हातभर लांब लोखंडी नळी तोंडाला लावून फुंकते. हे एक कारण. दुसरे म्हणजे विझत आलेल्या कुठल्याही भांडणात तिने तोंड घातले की ते पुन्हा धडधडून पेटते.

शाळेत मी शिकवायचे त्या वर्गात ती होती. माझा प्रश्न पुरा व्हायच्या आत तिचा हात वर. उत्तर बहुधा बरोबर असे, फक्त ते दुसऱ्याच प्रश्नाचे असे. मी रागावले तर म्हणायची, "मग बाई, तुम्ही तो प्रश्न विचारा ना!" इतकी वर्षे झाली, मी निवृत्त होऊन समोरच्या घरात राहायला आले, तरी तिच्यात फरक नाही.

दुकान म्हणजे राहत्या घराला लागून एकच खोली. पुढे रुंद खिडकी, तिला बाहेर फळी. मागच्या भिंतीला धुराडे आणि त्याच्या खाली कोळशाची शेगडी. शेगडी कसली, पिंप मधोमध कापून केलेली दोन अर्धी. एका अर्ध्यात विस्तव, दुसरे अर्धे वर झाकायला. झाकण नुसते नावाला, कारण फुंकणीने ते कधी मिटलेले मी पाहिले नाही. शेगडी मागे असल्यामुळे ती कायम खिडकीकडे पाठ करून उभी असायची. चिकन, मासा, बटाटे, मक्याची कणसे. दुपारच्या सुट्टीची घंटा झाली की डेपोतली माणसे खिडकीशी गर्दी करत आणि ती मान न वळवता एकेकाला आवाजावरून ओळखून टोला हाणत असे.

"फुंकणी, माझं झालं का?"

"तुझं काय व्हायचंय ते लग्नातच झालं. मासा अजून व्हायचाय."

लोक मासा घ्यायला येत की टोला घ्यायला, हे मला कधी नीट ठरवता आलेले नाही.

घरात माणसे मोजकी. नवरा डेपोच्या टेलिफोनवर होता. गल्लीत त्याला 'तार' म्हणतात. पूर्वीच्या तारेत जसे शब्द वाचवत, तसे हा आयुष्यभर वाचवत आला. मुलगा लांब पल्ल्याचा ट्रक चालवतो, तो महिन्यातून थोडाच घरी. आणि सून. सून लग्नाआधी पावाच्या बेकरीत कामाला होती. हाताची चपळ, तोंडाची अगदी गरीब. दोघी दिवसभर एका खोलीत काम करत. सासू बोलत असे आणि सून कांदे चिरत असे.

"उभे चिर गं, उभे! गोल चकत्या करून कोणाला बांगड्या घालायच्यात का?"

सून मान हलवून कांदे उभे चिरायची.

तर या वर्षी दोन गोष्टी एकदम झाल्या. शेगडीचा तळ गंजून भोके पडली आणि निखारे जमिनीवर सांडायला लागले. आणि फुंकणीच्या डाव्या पायाच्या घोट्यावर एक जखम झाली, ती काही केल्या भरेना. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पाय वर ठेवून नीट पाहिला. शिरा दोरखंडासारख्या फुगलेल्या. त्या म्हणाल्या, "दिवसभर उभं राहणं बंद. बसून काम करा, पाय आधारावर ठेवा. नाहीतर ही जखम तुम्हाला घरी बसवील."

फुंकणी बाहेर येऊन मला म्हणाली, "ऐकलंत बाई? उभा जन्म मी शेगडीपुढे उभी राहून काढला आणि ही पोर मला बसायला शिकवतेय." पण चालताना तिने माझा हात धरला होता. एरवी ती कोणाचा धरत नाही.

तिचा धाकटा भाऊ वेल्डर आहे. जुनी शेगडी त्यानेच केली होती, नवे वर्कशॉप उघडले तेव्हाचे ते त्याचे पहिले मोठे काम. तो एका सकाळी दुकानात आला तो हात चोळतच.

"ताई, पिंप मिळालंय. खाद्यतेलाचं, जाड पत्र्याचं, आतून स्वच्छ. हल्ली सगळं प्लॅस्टिकमधून येतं, असं पिंप पुन्हा मिळायचं नाही. पण कापायचं एकदाच. तेव्हा विचार करून सांग. आडवं की उभं?"

"म्हणजे?"

"आडवं ठेवलं तर शेगडी, आहे तशीच. उभं ठेवलं तर स्मोकर. खाली मंद विस्तव, त्यात फळझाडाच्या लाकडाचे दोन तुकडे, मध्ये पाण्याचं भांडं, वर जाळ्या आणि गच्च झाकण. सकाळी लावलं की दुपारपर्यंत धुरावर आपोआप शिजतं. पुढे उभं राहायला नको, फुंकायला नको, परतायला नको. तुझ्या पायाला बरं."

फुंकणीने क्षणभर विचार केला.

"म्हणजे पिंप आडवं तर मी उभी, आणि पिंप उभं तर मी आडवी!"

"आडवी कशाला? बसलेली."

"तुझ्या भाषेत बसलेली. गल्लीच्या भाषेत आडवीच. आणि फुंकायचं नसेल तर मला फुंकणी कशाला म्हणायचं? झाकणी म्हणा!"

कांदे चिरता चिरता सून हळूच म्हणाली, "मामा, झाकणाला कड घट्ट बसेल ना? बेकरीत भट्टीच्या दाराला फट राहिली की पाव बसायचा."

फुंकणीने वळून तिच्याकडे पाहिले. सुनेने आपण होऊन काही विचारल्याची ती पहिलीच वेळ असावी. वेल्डरला आनंद झाला, तो खडूने फळीवर आकृती काढून तिला समजावू लागला. फुंकणी शेगडीकडे वळली आणि नळी तोंडाला लावून जोरजोरात फुंकू लागली. विस्तव आधीच चांगला फुललेला होता.

त्या दिवशी तिला खरे काय टोचले ते मला तेव्हाच समजले. शेगडी तिची होती. विस्तव तिचे ऐकायचा. झाकलेले, वाट पाहायला लावणारे, गप्प राहणारे यंत्र हे सुनेच्या स्वभावाचे होते. पिंप उभे राहिले तर दुकान सुनेचे होणार आणि आपण कोपऱ्यात स्टुलावर बसून पाय चोळत राहणार, अशी तिची समजूत झाली होती. पाय गेला तरी दुकान जाणार आणि पाय राखला तरी दुकान जाणार.

वेल्डरने तोडगा काढला. एका मोठ्या खाणावळीसाठी त्याने स्मोकर तयार केला होता, ती मंडळी तो अजून न्यायला आली नव्हती. तो एक दिवस वापरून पाहा, मग ठरव, असे तो म्हणाला. शनिवारी सकाळी धुराड्याखाली ते काळे उभे धूड येऊन बसले. सुनेने कोळसा पेटवला, पाणी ओतले, चिकनचे तुकडे आणि मासे जाळीवर मांडले, झाकण लावले. फटीतून धुराची बारीक निळसर रेघ निघाली. मी शब्दकोडे घेऊन फळीशी बसले होते, कारण असा दिवस घरात बसून घालवणे बरे नव्हे.

फुंकणी स्मोकरभोवती एक फेरी मारून आली.

"काही होतंय का आत?"

"होतंय, आई."

"जरा बघते." तिने झाकण उचलले. धूर भसकन बाहेर आला.

"उघडू नका, आई. धग जाते."

"बघितल्यानं काय झिजतं?" असे म्हणून तिने झाकण ठेवले. मी कोड्यातला एक आडवा शब्द सोडवेपर्यंत पुन्हा "जरा बघते". पुन्हा धूर, पुन्हा धग दाखवणाऱ्या तबकडीचा काटा खाली. सून पुन्हा सांगायची, पुन्हा कोळसा हलवायची. मग तर फुंकणीने तिसऱ्यांदा झाकण उचलून खाली वाकून चक्क नळीने फुंकर घातली. राख उडून माशावर बसली.

नेमका त्याच वेळी डेपोतला मिस्त्री काहीतरी निमित्त काढून खिडकीशी आला होता. सुनेने फडके घेऊन झाकणाच्या मुठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "आई, आता हात लावू नका."

आवाज मोठा नव्हता. पण मिस्त्रीने ऐकले, मी ऐकले. फुंकणीने नळी खिळ्याला अडकवली, स्टूल उचलले आणि दुकानाबाहेर येऊन रस्त्याकडे तोंड करून बसली. मिस्त्रीही गेला नाही; असे काही तो पहिल्यांदाच पाहत होता.

मग घंटा झाली. माणसे आली. खाणे तयार नव्हते, आणि ते का तयार नव्हते हे तिला पक्के ठाऊक होते.

"काय फुंकणी, आज धूर खायला बोलावलंय का?" मिस्त्रीने तोंड उघडले.

"धूर फुकट आहे, पोटभर खा. तुझ्या गाड्यांच्या धुरापेक्षा बरा आहे," ती म्हणाली. आणि मग त्याच्याकडे नीट पाहत म्हणाली, "अरे, तुझे केस कधी पिकले?"

"झाली की चार-पाच वर्षं."

"मला कसं दिसलं नाही?"

"तुम्ही मागे वळून बघितलंत कधी? मला तर तुमची पाठ तोंडपाठ झालीय."

सगळे हसले. फुंकणीही हसली, पण तिची नजर एकेका चेहऱ्यावरून फिरत होती. आवाज ओळखीचे, चेहरे नवे. एका कंडक्टरला तिने विचारले की तो नवीन आहे का. तो म्हणाला, "मी बदलीवर गेलो तेव्हा तुम्ही माझ्यासाठी रडला होतात." "पाठमोरी रडले असेन," ती म्हणाली. बायको गेल्यापासून दाढी वाढवलेला एक ड्रायव्हर होता, त्याला मात्र तिने टोला मारला नाही. "बस इथे, उभा राहू नको," असे म्हणून पायरीवर जागा करून दिली.

पासच्या खिडकीवरचे हेडक्लार्क मागे उभे होते. ते रोज फक्त भाजलेला बटाटा नेत.

"साहेब, आज बटाटापण नाही. तुम्ही मांसमच्छी खात नाही, नाहीतर थांबा म्हटलं असतं."

"कोणी सांगितलं खात नाही?"

"मग इतकी वर्षं बटाटा?"

हेडक्लार्क जरा घुटमळले. मग तोंडावर हात धरून म्हणाले, "कवळी आहे हो. तुमचं चिकन चवीला फार छान. पण आहे बुटासारखं."

असे फुंकणीला आजवर कोणी म्हटले नव्हते, कारण कोणाची छाती झाली नव्हती. ती काय बोलते याची सगळे वाट पाहत होते. शेवटी ती म्हणाली, "बूट खाऊन बघितलेला दिसतोय साहेबांनी," आणि गर्दीला पुन्हा हसू फुटले. त्या सबंध वेळात एकही माणूस उपाशी असल्याची तक्रार करत निघून गेला नाही.

सुट्टी संपत आली तेव्हा आतून सुनेने ताटल्या पुढे केल्या. हेडक्लार्कांनी चिकनचा तुकडा उचलला, भीत भीत तोंडात घातला आणि थांबले. "दात लागतच नाहीत," ते म्हणाले. "ओठांनीच तुटतंय." ते आणखी एक तुकडा घेऊन गेले. मिस्त्रीने मात्र तोंड वाकडे केले. त्याला करपलेली कड हवी होती. "कडेला कुरकुरीत नाही तर कसलं चिकन? हे आजारी माणसाचं खाणं." तेही खरेच होते.

दुपारी गर्दी सरल्यावर दोघी मोरीपाशी जाळ्या घासत होत्या. सून घाबरलेली. मी निघावे की बसावे या विचारात कोडे दुमडत होते.

"चारचौघांत 'हात लावू नका' म्हणालीस," फुंकणी म्हणाली.

"चुकलं माझं, आई."

"चुकलं असतं तर मी तिथल्या तिथे उभी-आडवी घेतली असती तुला. बरोबर होतं म्हणून झोंबलं. आज माणसं उपाशी ताटकळली ती माझ्या बघण्यानं. कळतं मला." तिने जाळी जोरात घासली. "आज झाकणाला हात लावू नका म्हणालीस. उद्या म्हणशील, दुकानाला लावू नका."

सुनेने नळ बंद केला.

"मला एकटीला दुकान नको, आई. तुम्ही दवाखान्यात गेला होतात त्या दिवशी मी खिडकीत होते. मिस्त्री आले. म्हणाले, मासा ताजा आहे का? मी म्हटलं, आहे. ते उभेच राहिले. मी पण उभी. त्यांना अजून काहीतरी ऐकायचं होतं आणि मला काही सुचेना. मग म्हणाले, फुंकणी कधी येणार? आणि न घेताच गेले. त्या दिवशी निम्मा मासा उरला. मी तो तुम्हाला कळू न देता शेजारी वाटून टाकला. मला शिजवता येईल. पण लोक काय नुसतं शिजवलेलं न्यायला येतात?"

फुंकणीने जाळी खाली ठेवली आणि म्हणाली, "ताजा आहे का विचारलं तर नुसतं 'आहे' म्हणतात होय? म्हणायचं, मासा ताजाच आहे, तुमचंच डोकं शिळं आहे."

सून हसली. हसताना तिने तोंडावर ओला हात धरला आणि साबण नाकाला लागला.

तेवढ्यात तार पायात चपला सरकवत बाहेर निघाला होता. फुंकणीने आतूनच आवाज दिला, "अहो, वर्कशॉपवरून जाणार ना? भावाला सांगा, पिंपाचं ठरलं. उभं!"

"बरं," तार म्हणाला. त्या दिवसाचा तो त्याचा बहुधा पहिलाच शब्द.

सोमवारी सकाळी हातगाडी दारात आली. गाडीवर कापड घातलेले, आणि गाडीमागे वेल्डर, नवरदेवाच्या बापासारखा ऐटीत. "डोळे मिट, ताई," म्हणाला आणि कापड ओढले.

चार भक्कम पायांवर, कडा घासून गुळगुळीत केलेली, नवी कोरी जाळी बसवलेली शेगडी. आडवी. दुसरे अर्धे झाकण म्हणून शेजारी ठेवलेले.

सून सुरी हातात घेऊन दारात आली होती. तिने शेगडीकडे पाहिले, सासूकडे पाहिले. "तुम्हाला शेगडीच हवी होती तर मला सांगायचं होतं, आई. मी काही म्हटलं नसतं," एवढेच बोलली आणि आत जाऊन कांद्यांपुढे बसली.

फुंकणी भावावर कडाडली. "हे काय केलंस? मी उभं सांगितलं होतं!"

"मग? उभंच केलंय की!"

"हे उभं आहे? हे तर आडवं पडलंय!"

"पिंप आडवं पडलंय. काप उभा आहे. वरून खाली, सरळ रेघेत. दाजी आले, म्हणाले, उभं. मी म्हटलं, उभं ना? म्हणाले, उभं. मी खडूची उभी रेघ मारली आणि कापलं."

"उभं म्हणजे उभं राहणारं!"

"आमच्या धंद्यात उभं म्हणजे कापाची रेघ. तुझ्या घरात कांदा उभा चिरतात तो काय उभा राहतो?"

तिने नवऱ्याकडे मोर्चा वळवला. "आणि तुम्ही! आणखी एक शब्द खर्चला असता तर काय बिघडलं असतं?"

"उभंच म्हटलं," तार म्हणाला. तेही खरे होते.

"बाई, तुम्ही सांगा. उभं म्हणजे काय?" तिने मला रस्त्यापलीकडून हाक मारली.

मी काय सांगणार? उभे हे विशेषण आहे. ते पिंपाचे की कापाचे हे कोणी सांगितले नव्हते. चूक कोणाचीच नव्हती. मी तसे म्हटले. त्याचा कोणालाही काही उपयोग झाला नाही.

वेल्डर जरा नरमला. "आता झालं ते झालं, ताई. पण बघ तरी, काम कसं झालंय. अशी शेगडी अख्ख्या गावात नाही. तुझ्या मनात हीच होती ना? मग राहू दे."

मी तिच्याकडे पाहत होते. तिने शेगडीच्या कडेवरून हात फिरवला, एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत आणि पुन्हा उलट. ती शेगडी तिला आवडली होती, यात मला तिळमात्र शंका नाही. नुसते हो म्हणायचे होते. दोष तारेचा, काप भावाचा, तिच्या अंगाला काही लागत नव्हते. पाय बरा झाला असता तर झाला असता. आत सुरीचा आवाज येत होता. एरवी सुनेची सुरी भराभर चालते. तेव्हा एकेक काप वेगळा ऐकू येत होता.

फुंकणीने हात काढून घेतला.

"जोड," ती म्हणाली.

"काय?"

"परत जोड आणि उभं कर."

"ताई, शिवण दिसेल सगळी. वरपासून खालपर्यंत."

"दिसू दे. माझ्या पोटावरपण आहे. मुलगा ट्रक चालवतोय ना?"

वेल्डर डोके खाजवत राहिला. मग त्याचे डोळे चमकले. "असं करू का, एकीकडे जोडतो, दुसरीकडे बिजागऱ्या लावतो. कपाटासारखं दार होईल. एकदम सोयीचं."

"दार नको."

"अगं का? सोपं पडेल उघडायला."

"म्हणूनच नको," ती म्हणाली. "मी उघडीन."

आतला सुरीचा आवाज थांबला. आणि मग सून हसली. या वेळी तोंडावर हात न धरता. रस्त्यापलीकडे मला ऐकू आले. तारसुद्धा हसला, अर्थात आवाज न करता.

पिंप परत आले तेव्हा उभे होते. दोन्ही अंगांनी वेल्डिंगची जाड शिवण. वेल्डरने ती घासून सपाट करायची तयारी दाखवली होती, पण फुंकणीने घासू दिली नाही. उभे म्हणजे काय असे कोणी विचारलेच तर दाखवता येते, म्हणाली.

एक गोष्ट मात्र तिला न सांगता झाली. सून एकटी वर्कशॉपवर जाऊन मामाशी बोलून आली. झाकण न उघडता आतली धग कळावी म्हणून काट्याची तबकडी बसवायची होती. वेल्डर म्हणाला, काटा जाळीच्या उंचीलाच हवा. ती म्हणाली, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर हवा. तो म्हणाला, ते कसे जमेल, जाळी उंच आहे. ती म्हणाली, "मग मामा, स्टूल उंच करा." वेल्डरनेच मला हे सांगितले, आणि सांगताना त्याला मोठे नवल वाटत होते. त्याने तसे स्टूल केले, पाठ टेकायला पट्टी आणि पाय ठेवायला पुढे लोखंडी दांडी.

आता फुंकणी त्या उंच स्टुलावर खिडकीत बसते, रस्त्याकडे तोंड करून, डावा पाय दांडीवर. पिंप खिडकीशेजारीच बसवले आहे, त्याचा पाइप मागच्या धुराड्यात सोडला आहे, आणि तबकडी तिच्या उजव्या हाताला. घोट्यावरची जखम सुकली आहे, पट्टी अजून आहे. कोणाचे काय चालले आहे हे तिला पूर्वी कानाने कळे, आता डोळ्यांनी कळते, त्यामुळे टोले जास्त नेमके बसतात. हेडक्लार्क रोज चिकन नेतात. मिस्त्री करपलेल्या कडेसाठी अजून कुरकुरतो, पण येतो. कणसे मात्र बंद झाली. धुरावर ती नीट होत नाहीत. निखाऱ्यावर तडतडलेल्या त्या कणसांची मला आठवण येते, आणि ते मी फुंकणीला सांगितलेही. ती म्हणाली, "बाई, तुमचे दात तरी कुठे राहिलेत?"

परवा दुपारी घंटा व्हायच्या बेताला मी तिथेच होते. मिस्त्री आला. "झालं का?"

"जरा बघते," फुंकणी म्हणाली. तिचा हात सवयीने झाकणाकडे गेला, अर्ध्या वाटेवर थांबला आणि ती तबकडीकडे वळली. "होतंय."

"मासा ताजा आहे का?"

फुंकणीने तोंड उघडले. मग मागे वळून म्हणाली, "सूनबाई, हे काय विचारतायत बघ."

सून जाळीवरून मासे काढत होती. तिने मान वर केली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"मासा ताजाच आहे," ती म्हणाली. "तुमचंच..." आणि पुढचे शब्द तिने गिळले.

"मोठ्यानं म्हण गं," फुंकणी म्हणाली. "पाठ केलेलं उत्तर कोणी पुटपुटतं का?"

"तुमचंच डोकं शिळं आहे!"

मिस्त्री आ वासून पाहत राहिला. मागची माणसे हसायला लागली. त्याने दोन मासे घेतले.